गिम्प ३.० रिव्ह्यू: काळा करडा दिसतो, पांढरा पिवळट दिसतो, तेव्हा हे सॉफ्टवेअर किती कामाला येतं

गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरतं, की पैसे भरून घ्यायच्या सॉफ्टवेअरची जागा हे घेईल का. मला त्यात पडायचं नाहीये. माझं काम साड्यांचे कॅटलॉग फोटो आणि लग्नपत्रिका, आणि या दोन्हीत डोक्याला सगळ्यात जास्त ताप कशाचा असेल तर रंग बरोबर न दिसण्याचा, त्यातही काळ्याचा. कधी काळा धुरकट करडा दिसतो, कधी सगळा काळा एकत्र होऊन त्यातलं काम दिसेनासं होतं, पांढऱ्यावर पिवळट झाक येते, आणि एकाच पीसीवर एकच फोटो दोन सॉफ्टवेअरमधे दोन रंगांचा दिसतो. तर हा रिव्ह्यू फक्त तेवढ्यापुरता आहे, की असं झालं की दोष नक्की कुठे आहे हे शोधून काढायला गिम्प किती उपयोगी पडतं. मत आधीच सांगून टाकते, खूप उपयोगी पडतं, आणि एका ठिकाणी साफ कमी पडतं, ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मधे हे सुरू केलं, आजही फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. २.१० व्हर्जन २०१८ ला आलं आणि ३.० यायला मार्च २०२५ उजाडला. कलर मॅनेजमेंट, म्हणजे एकच रंग वेगवेगळ्या यंत्रांवर सारखा दिसावा ही व्यवस्था, २.१० मधेही चांगलं होतं, पण प्रिंटसाठी प्रूफ, म्हणजे छापून कसं दिसेल ते स्क्रीनवरच, बघायची सोय ३.० मधे खूपच सुधारली म्हणून मी ३.० बद्दल लिहितेय. जुनं असेल तरी खालचं बरंचसं लागू पडेल.

आता मुद्द्यावर. रंग चुकीचा दिसतोय म्हणजे तीनपैकी एक काहीतरी झालेलं असतं. एकतर फाइलमधेच रंग तसा आहे. किंवा फाइल बरोबर आहे पण सॉफ्टवेअर ती स्क्रीनसाठी बदलताना गडबड होतेय. किंवा कॉम्प्युटरमधून सगळं बरोबर बाहेर पडतंय आणि केबल-मॉनिटरमधे माती होतेय. लोक काय करतात, तर काळा करडा दिसला की लगेच लेव्हल्स, म्हणजे गडद-उजळ बदलायचं टूल, उघडून तो खाली ओढतात, फोटो त्यांच्या स्क्रीनवर मस्त दिसायला लागतो आणि बाकी सगळ्या जगाला काळाकुट्ट जातो. आधी दोष कुठे आहे ते बघायचं, मग हात लावायचा.

हे बघायला गिम्पमधे दोन गोष्टी आहेत ज्या मला फार आवडतात. एक कलर पिकर, इन्फो विंडो चालू करून. तो जो आकडा देतो तो फाइलमधला, स्क्रीनवर काय दिसतंय त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. दुसरं म्हणजे सॅम्पल पॉइंट. कंट्रोल दाबून पट्टीवरून, म्हणजे कडेच्या रूलरवरून, माउस ओढत फोटोत आणायचा, जिथे सोडाल तिथे खूण राहते आणि त्या जागेचा आकडा बाजूच्या पॅनेलमधे सतत दिसत राहतो. आकडे टक्क्यांत दिसत असतील तर ते ० ते २५५ वर करून घ्या, टक्क्यांत डोकं चालत नाही. प्रत्येक जागेला लाल, हिरवा, निळा (आरजीबी) असे तीन आकडे असतात, तिन्ही ० म्हणजे पूर्ण काळा, तिन्ही २५५ म्हणजे पूर्ण पांढरा.

संक्रांतीच्या आधीचं काम घ्या. काळ्या साड्यांचे फोटो तेव्हा सगळ्यात जास्त येतात, आणि चंद्रकळा हा प्रकार फोटोसाठी महाकठीण, काळी जमीन, त्यावर बारीक बुट्ट्या, काठाला जर. साडी डोळ्याला काळी दिसते पण नीट काढलेल्या फोटोत ती कधीच सगळी शून्य नसते. उजेड पडतो तिथे ३५-४० पर्यंत आकडा जातो, घडीच्या आत ८-१० असतो, आणि या ८ ते ४० च्या मधेच सगळा कपडा असतो, पोत, घड्या, विणीची दिशा, सगळं. एवढ्याशा जागेत साडीचं सगळं सौंदर्य कोंबलेलं, त्यामुळे स्क्रीनने तिथे जरा जरी दगा दिला की एकतर पदर नुसता काळा ठोकळा दिसतो नाहीतर नवीकोरी साडी धुऊन धुऊन विटल्यासारखी. मी अशा फोटोवर चार जागी सॅम्पल पॉइंट टाकून ठेवते, घडीत एक, उजेडात एक, जरीवर एक, मागच्या पांढऱ्या पडद्यावर एक. चारही आकडे ठीक असतील आणि तरी दिसायला खराब असेल तर फोटोला हात लावायचाच नाही, दोष पुढे आहे.

पुढे म्हणजे कुठे, ते स्क्रीनशॉटने कळतं. ही युक्ती सगळ्यांनी करून बघा. फोटो गिम्पमधे उघडा, प्रिंट स्क्रीन दाबा, मग एडिट मेन्यूतून तो स्क्रीनशॉट नवीन इमेज म्हणून पेस्ट करा आणि त्यात त्याच जागेचा आकडा बघा. मूळ फोटोत घडीचा आकडा १० होता आणि स्क्रीनशॉटमधे पण साधारण तेवढाच आहे, एखाद-दोन इकडेतिकडे, पण डोळ्याला करडा दिसतोय, तर कॉम्प्युटरच्या आत सगळं ठीक आहे, गडबड केबल, मॉनिटर किंवा स्क्रीनच्या सेटिंगमधे. पण मूळचा १० स्क्रीनशॉटमधे २५ झाला असेल किंवा पांढऱ्याचा निळा आकडा एकदम घसरला असेल तर सॉफ्टवेअर फोटो स्क्रीनसाठी बदलतंय आणि बदलताना चुकीच्या माहितीवर बदलतंय. ती माहिती म्हणजे मॉनिटरचं प्रोफाइल, हा मॉनिटर कुठला रंग कसा दाखवतो ते सांगणारी छोटी फाइल.

पहिल्यांदा हा प्रोफाइलचा प्रकार, कारण पिवळट पांढऱ्याचं हे सगळ्यात मोठं कारण. मॉनिटर जोडला की विंडोज अपडेट कधी कधी आपण न मागता त्या मॉडेलची ड्रायव्हर आणि प्रोफाइल फाइल टाकून देतं. ती प्रोफाइल चुकीची असली तर जी सॉफ्टवेअर प्रोफाइल वाचतात, त्यात गिम्प आलं, विंडोजचा जुना फोटो व्ह्यूअर आला, ती सगळी पिवळट दाखवतात, आणि जी वाचतच नाहीत ती पांढरं पांढरं दाखवतात. मग माणूस म्हणतो गिम्प खराब आहे, ते दुसरं चांगलं आहे. खरं तर गिम्प सांगितलेलं ऐकतंय, सांगणाराच चुकलाय. आमच्याकडे एका सेकंडहँड मॉनिटरवर हेच झालं होतं, पैठणीचा मोतिया रंग हळदीसारखा दिसायचा. तपासायला व्ह्यू मेन्यूत कलर मॅनेजमेंटमधे जा, तिथे त्या विंडोपुरतं कलर मॅनेजमेंट बंद-चालू करता येतं. बंद केल्यावर पिवळेपणा गेला तर प्रोफाइल चोर. मग विंडोजचं कलर मॅनेजमेंट उघडा, स्टार्टमधे हेच टाइप केलं की येतं, आपला मॉनिटर निवडा, 'या डिव्हाइससाठी माझी सेटिंग वापरा' वर टिक करा, एसआरजीबीचं, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या साध्या रंगमापाचं, प्रोफाइल जोडा आणि तेच डिफॉल्ट करा. गिम्प बंद करून परत उघडा. साधा ऑफिसचा मॉनिटर असेल तर एवढ्यात काम होतं.

बंद-चालूचं हे बटण गिम्पने व्ह्यू मेन्यूत हाताशी दिलंय ही मला त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते, कारण एका क्लिकमधे शंका मिटते. फक्त तपासून झालं की परत चालू करा, बंद ठेवून काम करू नका. आणि प्रेफरन्सेसमधे कलर मॅनेजमेंटच्या पानावर 'सिस्टिमचं मॉनिटर प्रोफाइल वापर' ही टिक आहे ती बघून घ्या, दोन मॉनिटर असतील तर विशेष.

त्याच पानावर ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन म्हणून एक टिक आहे, बरेच जण ती कशाला आहे ते न बघताच पुढे जातात. प्रत्येक यंत्राचा सर्वात गडद काळा वेगळा असतो, कागदावरची शाई मॉनिटरएवढी काळी होत नाही, एका मॉनिटरचा काळा दुसऱ्याएवढा खोल नसतो. एका यंत्रातून दुसऱ्यात रंग नेताना ही टिक चालू असेल तर मूळचा सर्वात काळा नव्या यंत्राच्या सर्वात काळ्यावर बसवला जातो आणि मधल्या छटा त्या हिशोबाने वाटल्या जातात. टिक नसेल तर नव्या यंत्राला न झेपणाऱ्या सगळ्या गडद छटा एकाच काळ्यात जाऊन बसतात. म्हणजे चंद्रकळेच्या घड्या गायब. रोजच्या कामाला ही टिक चालू पाहिजे.

आता दुसरी शक्यता, आकडे सगळीकडे बरोबर, स्क्रीनशॉट बरोबर, आणि तरी काळा धुरकट. यात एचडीएमआय केबल लावलेली असेल तर नव्वद टक्के शंका मी तिथेच घेते. टीव्हीच्या सिग्नलमधे काळा शून्यावर नसतो, १६ वर असतो, आणि पांढरा २३५ वर. कॉम्प्युटरचा हिशोब ० ते २५५. ग्राफिक्स कार्डाला कधी कधी मॉनिटर हा टीव्ही वाटतो आणि ते १६ ते २३५ मधला सिग्नल पाठवतं, मॉनिटर तो कॉम्प्युटरचा समजून दाखवतो, म्हणून शून्याचा काळा १६ चा करडा होऊन बसतो आणि सगळ्या चित्रावर पातळ धुकं आल्यासारखं वाटतं. उलटं झालं, म्हणजे कार्ड ० ते २५५ पाठवतंय आणि स्क्रीन १६ ते २३५ धरून बसलीय, की १६ च्या खालचं सगळं काळंठिक्कर. घरचा टीव्ही मॉनिटर म्हणून लावणाऱ्यांना हे हमखास भेटतं. सेटिंग कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमधे मिळते, एनव्हिडियाला आउटपुट डायनॅमिक रेंज, इंटेलला क्वांटायझेशन रेंज, एएमडीला पिक्सेल फॉरमॅट, तिन्हीकडे फुल निवडायचं. शिवाय मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत पण ब्लॅक लेव्हल किंवा आरजीबी रेंज असं काहीतरी असतं, ते आणि हे जुळलं पाहिजे.

यासाठी गिम्पमधेच एक टेस्टची पट्टी करून ठेवा. नवीन इमेज, मागे पूर्ण काळा, त्यावर शेजारी शेजारी उभे चौकोन, ४, ८, १२, १६, २०, २४ असे, तिन्ही चॅनेलला, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्याला, सारखाच आकडा भरून. खोलीतला दिवा मंद करा, फुल स्क्रीन करा आणि बघा. ठीकठाक स्क्रीनवर ८ किंवा १२ चा चौकोन काळ्यापासून जेमतेम सुटा दिसतो आणि पुढचे स्पष्ट होत जातात. २० पर्यंत काहीच दिसत नसेल तर काळा दाबला जातोय. आणि ४ चा पण ढळढळीत दिसत असेल, शिवाय मागचा शून्यच करडा वाटत असेल, तर काळा वर उचललाय. ही पट्टी पीएनजी करून ठेवली की कुठल्याही कॉम्प्युटरवर, मोबाईलवर, गिऱ्हाइकाच्या दुकानातल्या स्क्रीनवर पण लावून बघता येते आणि वाद मिटतात, मी तर साडीवाल्या काकांच्या काउंटरवरच्या पीसीवर लावून दाखवली आणि मग त्यांनी फोटो 'डल' आल्याची तक्रार मागे घेतली, कारण त्यांच्या स्क्रीनवर १६ पर्यंतचं सगळं बुडलेलं होतं.

केबलच्या पलीकडे बाकीची मंडळी पण आहेत, ती पटपट सांगते. नाइट लाइट चालू राहिलेला असतो, स्क्रीनशॉटमधे तो दिसत नाही पण डोळ्याला सगळं पिवळं. मॉनिटरचा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, जो चित्र गडद झालं की स्वतःच उजेड कमी करतो. लॅपटॉपला बॅटरी वाचवायची सेटिंग, तीही चित्र बघून ब्राइटनेस हलवते, म्हणून चार्जर काढला की साडीचा रंग बदलतो. विंडोजचा एचडीआर मोड, म्हणजे जास्त उजेड-काळोख दाखवायचा मोड, तो चालू असेल तर साधे फोटो बऱ्याच मॉनिटरवर फिके पडतात, एडिटिंगच्या वेळी बंदच ठेवा, विंडोज, ऑल्ट आणि बी एकत्र दाबलं की बंद-चालू होतो. आणि मॉनिटरची स्क्रीन स्वस्त टीएन प्रकारची असेल तर मान जरा वरखाली केली तरी काळा बदलतो, त्याला काही इलाज नाही, आयपीएस प्रकारची घ्या.

आता गिम्पच्या पोटातले घोळ. म्हणजे मॉनिटर ठीक, प्रोफाइल ठीक, तरी रंग लागत नाही किंवा काळं काहीतरी येतं. लाल निवडून ब्रश मारला आणि करडा लागला, तर इमेज ग्रेस्केल मोडमधे असते किंवा तुम्ही लेयरवर न मारता लेयर मास्कवर, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसेल ते ठरवणाऱ्या करड्या पडद्यावर, मारत असता. निवडलेला रंग सोडून भलताच जवळपासचा रंग लागला तर इमेज इंडेक्स्ड, म्हणजे मोजक्याच ठरलेल्या रंगांची आहे, जिफ फाइल उघडली की हेच होतं, इमेज मेन्यूत मोडमधे जाऊन आरजीबी करायचं. सगळ्या फोटोवर लालसर पडदा आला तर चुकून शिफ्ट-क्यू दाबलं गेलंय, तो क्विक मास्क, सिलेक्शन दाखवायचा पडदा, परत तेच दाबा. फोटो एकदम निळा-हिरवा दिसायला लागला तर चॅनेल्सच्या पॅनेलमधे लाल चॅनेलचा डोळा बंद झालाय. खोडरबर फिरवल्यावर पारदर्शक व्हायच्या ऐवजी काळं होतंय तर लेयरला अल्फा चॅनेल, म्हणजे पारदर्शकतेची सोय, नाही आणि बॅकग्राउंड कलर काळा आहे, लेयरवर राइट क्लिक करून अल्फा चॅनेल द्या. आणि एक खास, व्ह्यू मेन्यूत डिस्प्ले फिल्टर म्हणून एक विंडो आहे, त्यात गॅमा, कॉन्ट्रास्ट, रंगांध व्यक्तीला कसं दिसेल वगैरे फिल्टर आहेत, ते फाइल अजिबात बदलत नाहीत, फक्त दाखवणं बदलतात. त्यातला एखादा चालू राहिला की आकडे बरोबर, एक्सपोर्ट बरोबर, फक्त गिम्पमधेच चित्र विचित्र. अशा वेळी लोक सॉफ्टवेअर काढून परत टाकतात, त्याची गरज नाही, ती विंडो उघडून टिक काढा.

मोबाईलच्या फोटोंबद्दल एक. आयफोन ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ नावाच्या जरा मोठ्या रंगजागेत, म्हणजे एसआरजीबीपेक्षा जास्त रंग मावणाऱ्या मापात, निघतात. असा फोटो उघडला की गिम्प विचारतं, आहे तसं ठेवू की बदलून घेऊ. हा प्रश्न चांगला आहे, त्याला न वाचता ओके करू नका. वेबवर किंवा व्हॉट्सअॅपवर जाणारा फोटो असेल तर मी बदलून, म्हणजे एसआरजीबी करून घेते, कारण प्रोफाइल न वाचणाऱ्या ठिकाणी पी३ चा फोटो मलूल दिसतो आणि राणी कलरची साडी विटकी वाटते. एसआरजीबी हे एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मधे आणलेलं मापदंड, जुनं आहे, लहान आहे, पण सगळ्यांना कळतं.

आता लग्नपत्रिका, आणि इथेच गिम्प चांगलं पण वाटतं आणि कमी पण पडतं. चांगलं काय, तर ३.० मधे खाली स्टेटस बारमधेच सॉफ्ट प्रूफचं बटण आलंय, राइट क्लिक करून प्रेसचं प्रोफाइल द्यायचं आणि क्लिक केलं की छापून साधारण कसं दिसेल ते तिथल्या तिथे. शिवाय ते प्रोफाइल गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलबरोबर सेव्ह होतं, आणि कलर पिकर, सॅम्पल पॉइंट दोन्ही त्याच प्रोफाइलच्या हिशोबाने सीएमवायकेचे, म्हणजे छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो आणि काळा (के) या चार शायांचे, आकडे दाखवतात. प्रेसकडे प्रोफाइल मागा, नाहीच मिळालं तर युरोपियन कलर इनिशिएटिव्हच्या साइटवर आर्ट पेपरसाठीची चांगली प्रोफाइल फुकट मिळतात, गिम्पबरोबर ती येत नाहीत. सॉफ्ट प्रूफ लावल्यावर पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो, काळा फिका पडतो, गुलाबी दबतो, केशरी मातकट होतो. घाबरू नका, तेच खरं आहे, कागदाचं आणि शाईचं ते तेवढंच बळ असतं. ते बघूनच रंग निवडा.

कमी कुठे पडतं ते नीट समजून घ्या, कारण यात पैसे जातात. गिम्पमधली इमेज शेवटी आरजीबीच असते. सीएमवायके टिफ, जेपेग, पीएसडी ३.० मधून एक्सपोर्ट होतं, पण एक्सपोर्ट होताना सगळ्याचंच रूपांतर होतं, काळ्या अक्षरांचं पण. स्वॉप नावाच्या अमेरिकन छपाईच्या प्रोफाइलने आरजीबीचा ०, ०, ० बदलला की सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७ आणि काळा ९० येतो, बेरीज ३००. मोठ्या काळ्या जागेला हे चालतं, उलट नुसत्या शंभर टक्के काळ्या शाईपेक्षा ठोस दिसतं. पण बारीक अक्षराला हे विष आहे. पत्रिकेवर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे नऊ पॉइंटात छापायचंय, त्यातलं प्रत्येक अक्षर चार शाया एकावर एक बसून होणार, आणि मशीनवर प्लेट केसभर जरी हलली तरी आधी कुठे कळतं तर शिरोरेघेवर. रेघ आडवी, लांब आणि बारीक, तिच्या वरच्या कडेला गुलाबी धार दिसते, खालच्या कडेला निळसर, अनुस्वाराच्या टिंबाला सावली पडते, 'र'चा रफार दुहेरी वाटतो. इंग्रजी मजकुरात हे एक वेळ लपतं, देवनागरीत लपत नाही. म्हणून अक्षरं फक्त काळ्या शाईत, के १०० मधेच पाहिजेत, आणि तो नुसता के १०० गिम्पच्या इमेजमधे ठेवता येत नाही.

यावर रस्ता असा, की फोटो, गणपती, नक्षी, बॅकग्राउंड गिम्पमधे करा आणि मजकूर दुसरीकडे. स्क्रायबस फुकट आहे, त्यात खरा सीएमवायके आहे, मजकुराला काळी शाई एकट्याने देता येते आणि पीडीएफ/एक्स, म्हणजे प्रेससाठीची पीडीएफ, निघतं. कोरलवर हात बसलेला असेल तर कोरल. चित्रच सीएमवायकेमधे रंगवायचं असेल तर क्रिटा बघा, त्यात इमेज मुळातच सीएमवायके ठेवता येते, तेही फुकट.

यातच अजून एक गोंधळ होतो तो सांगते. प्रेसमधून आलेली नुसत्या के १०० अक्षरांची फाइल गिम्पमधे उघडली की काळा गडद करडा दिसतो, स्वॉप असेल तर आकडा ३५, ३१, ३२ च्या आसपास येतो, आणि माणूस म्हणतो रंग बिघडला. बिघडला नाहीये, एकट्या काळ्या शाईचा काळा कागदावर तेवढाच असतो आणि गिम्प ते जसं आहे तसं दाखवतंय. इलस्ट्रेटर, इनडिझाइनमधे तोच के १०० डिफॉल्टने एकदम काळाभोर दाखवला जातो, त्यांच्या प्रेफरन्सेसमधे अपिअरन्स ऑफ ब्लॅक म्हणून पर्याय आहे तिथे बदलता येतं. मोठ्या काळ्या पट्ट्याला ठोस काळा पाहिजे असेल तर ६०-४०-४०-१०० सारखं मिश्रण द्या, पण आधी प्रेसला विचारा की एकूण शाई किती चालते, कारण कागद साधा असेल तर वाळत नाही आणि मागच्या कागदाला डाग पडतात.

खटकलेलं पण सांगते. कलर मॅनेजमेंटच्या गोष्टी तीन ठिकाणी पसरल्यात, थोड्या इमेज मेन्यूत, थोड्या व्ह्यूमधे, थोड्या प्रेफरन्सेसमधे, नवीन माणूस हरवतो. डार्क थीममधे काम केलं तर चित्राच्या भोवती पण काळपट, त्यात काळी साडी असते त्यापेक्षा उजळ वाटते आणि हात आपोआप ती गडद करायला जातो, म्हणून मी कॅनव्हासच्या भोवतीचा रंग प्रेफरन्सेसमधून मधला करडा करून ठेवलाय, तुम्हीही करा, फरक कळेल. आणि गिम्प स्वतः मॉनिटर कॅलिब्रेट करत नाही. त्याला मोजणारं यंत्र लागतं, ते मॉनिटरला चिकटवून डिस्प्लेकॅलसारख्या सॉफ्टवेअरने प्रोफाइल बनवायचं, पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजेड दर चौरस मीटरला १२० कँडेला हे वेबच्या कामाला चालतं, प्रिंटच्या कामाला मी उजेड अजून खाली ठेवते. यंत्र महाग वाटत असेल तर दोन-चार जणांनी मिळून घ्या, रोज लागत नाही, महिन्याकाठी एकदा पुरतं.

पाचपैकी चार स्टार देतेय, एक कापलाय तो के १०० साठी, कारण पत्रिकेवाल्यांना तो रोज लागतो. फोटोवाल्यांनी, ऑनलाइन साडी-दागिने विकणाऱ्यांनी बिनधास्त घ्या. डाउनलोड मात्र गिम्प डॉट ऑर्ग वरूनच करा, सर्चमधे वर येणाऱ्या जाहिरातीतल्या लिंकवरून नको, आणि टाकल्यावर पहिलं काम ती काळ्या चौकोनांची पट्टी करून बघा, तुमच्या स्क्रीनवर कितवा चौकोन दिसतो ते खाली लिहा, मॉनिटर कुठल्या केबलने जोडलाय ते पण लिहा म्हणजे नक्की सांगता येईल.